शिलेदार की बारगीर?

आपल्या ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे : "हे आपले काम नव्हे." नळाचा वायसर बदलणे आपले काम नव्हे, पंख्याची तार जोडणे आपले काम नव्हे, आणि मोटारीचे बॉनेट उघडून तिच्या पोटात हात घालणे तर मुळीच नव्हे. हे वाक्य बोलणारा मनुष्य आळशी असतो असे कोणी समजू नये. तो पहाटे उठतो, पूजाअर्चा करतो, कचेरीत असेल तर कामात कुचराई करीत नाही, आणि गाण्याच्या बैठकीला पहिल्या स्वरापासून शेवटच्या भैरवीपर्यंत मांडी न मोडता बसतो. फक्त हाताला काळे ग्रीस लागले की घराण्याला काही तरी लागले, अशी एक समजूत त्याच्या मनात घर करून बसलेली आहे. ही समजूत आता टाकून दिली पाहिजे, एवढेच आज येथे मांडावयाचे आहे.

निमित्त थाटीपुरातले आहे. लष्कर आणि मुरार यांच्या मधल्या या वस्तीत सरकारी क्वार्टरांच्या आसपास आता लष्करातले जुने वाडे सोडून आलेली बरीच मराठी कुटुंबे राहतात. त्यांपैकी एका घरातला पंचविशीतला मुलगा मंगल कार्यालयांना भांडी, गाद्या आणि मांडवाचे सामान पोहोचविण्याचा व्यवसाय करतो. त्याच्याकडे एक पिकअप गाडी आहे. तीच त्याचे दुकान, तीच गोदाम आणि तीच पत. भर लग्नसराईत तिचा वॉटर पंप गेला. गाडी दारात उभी, मिस्त्रीला तीन दिवस सवड नाही, आणि परवाच्या मुहूर्ताचे सामान पोहोचवावयाचे. मुलाने बाजारातून नवा पंप आणला, शेजारून पान्यांची पेटी आणली आणि रविवारी सकाळी बॉनेट उघडले. दहा वाजेपर्यंत गल्लीतली चार वडीलधारी मंडळी भोवती जमली होती.

"अरे बाळ, हे काय आरंभले आहेस? मिस्त्रीला का नाही बोलावलेस?"

"काका, मिस्त्री बुधवारी येतो म्हणतो. मांडव मंगळवारी उभा राहायचा आहे."

"ते खरे रे. पण तुमच्या घरात आजवर कोणी असले केलेले नाही."

"काका, आमच्या घरात आजवर पिकअपही कोणी घेतली नव्हती."

या उत्तरावर मंडळी हसली, पण हसण्यात थोडी नाराजीही होती. संध्याकाळी गाडी चालू झाली, मंगळवारी मांडवही उभा राहिला. तरी त्या घरी नंतर जी चर्चा झाली तिचा विषय मुलाची हुशारी हा नव्हता. 'लोक काय म्हणतील' हा होता. मुलाने कोणाचे कर्ज बुडविले नाही, दिलेला शब्द पाळला, आणि तरीही घर ओशाळले. ज्या समाजात असे घडते त्या समाजाने आपला हिशेब एकदा तपासून पाहावा हे बरे.

आपण येथे आलो कसे, याची आठवण त्यासाठी उपयोगी पडेल. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस पडली आणि तिचेच पुढे शहर झाले. म्हणून त्याचे नाव आजही लष्कर. म्हणजे आपले मूळ गाव तंबूंचे. मराठी फौजेत स्वारांचे दोन वर्ग असत. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई तो शिलेदार; दुसऱ्याच्या घोड्यावर बसून लढे तो बारगीर. शिलेदाराचा मान मोठा, पण त्याबरोबर जबाबदारीही त्याचीच. घोडा लंगडला तर तो का लंगडला हे त्याला कळावे लागे. खोगिराचा पट्टा तुटला, नाल सैल झाला, घोड्याच्या पाठीला जखम झाली, तर मुक्कामावर कारागीर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणारा शिलेदार फार दिवस शिलेदार राहत नसे. आपण आज घराण्याचा अभिमान सांगतो तो शिलेदारांचा, आणि वागतो ते मात्र बारगिरांसारखे : गाडी आपली, हप्ते आपले, पण तिच्यातले काहीही आपल्या माहितीचे नाही.

'कारागिरी खालची, कारकुनी वरची' ही उतरंड फौजेतून आली नाही. ती नंतरच्या, स्थिर झालेल्या राज्यातल्या कचेऱ्यांतून आली. संस्थानात नोकरी, पेन्शन, इनाम यांची सावली होती, आणि त्या सावलीत हात गोरे राहिले. १९४८ साली मध्यभारत झाले, १९५६ साली मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. सावली सरकली, पण सवय तेथेच बसून राहिली.

वास्तविक ज्यांच्या नावाने आपण संस्थानी वैभव आठवतो, त्या माधवराव महाराजांना यंत्रांचा केवढा नाद होता! जयविलास महालातल्या जेवणाच्या मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी पाहुण्यांना आपण कौतुकाने दाखवितो. पण त्याच महाराजांच्या अमलात दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे भिंड आणि शिवपुरीकडे गेली आणि १९०९ साली श्योपुरापर्यंत पोहोचली, हे सांगताना आवाज तितका चढत नाही. श्योपुरची ती छोटी गाडी २०२० साली बंद झाली. तोवर शंभराहून अधिक वर्षे ती ज्यांनी चालती ठेवली ते फिटर, लोहार आणि बॉयलरवाले होते. महाराजांनी १९०५ साली मेळा भरविला तो गुराढोरांच्या खरेदीविक्रीसाठी. आज त्याच मेळ्यात करात सवलत मिळते म्हणून लोक मोटारी घेतात. पूर्वी मेळ्यात बैल घेणारा मनुष्य त्याचे दात पाहून, खूर उचलून, चार पावले चालवून मग पैसे मोजी. आज आपण गाडी घेताना रंग पाहतो आणि किल्लीबरोबर फोटो काढून घेतो.

आता पंपाविषयी. ज्या वस्तूसाठी एवढी चर्चा झाली ती आहे तरी काय, हे ठाऊक असल्यावाचून मत बनविणे योग्य नाही.

इंजिनात इंधन जळते तेव्हा निघालेल्या उष्णतेचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता काही धुराबरोबर जाते, आणि उरलेली बाहेर काढली नाही तर लोखंडच वितळू लागेल. म्हणून इंजिनाच्या अंगातून पोकळ वाटा ठेवून त्यांतून पाणी खेळविलेले असते. ते तापले की पुढच्या रेडिएटरच्या जाळीत जाऊन वाऱ्याने निवते आणि पुन्हा आत येते. हे पाणी आपोआप पुरेसे फिरत नाही. त्याला ढकलणारा तो वॉटर पंप. एक दांडा, त्याच्या एका टोकाला पट्ट्यावर फिरणारी पुली, दुसऱ्या टोकाला पाती असलेली चकती, मध्ये बेअरिंग आणि पाणी अडविणारे एक सील. ताकाच्या डेऱ्यात रवी फिरली की ताक कडेला चढते, तसे पाती फिरली की पाणी बाहेरच्या अंगाला फेकले जाते. तत्त्व एवढेच. विहिरीवरचा पंपही याच तत्त्वावर चालतो.

पंप एकाएकी मरत नाही. तो आधी सांगतो. त्याच्या पोटाशी कारखानदाराने मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून थेंबाथेंबाने बाहेर पडते आणि खाली वाळलेला हिरवा, गुलाबी किंवा पांढरा डाग उमटतो. पुढे पुली हाताने हलवली तर डुगडुगते, इंजिन चालू असता कुरकुर ऐकू येते, उष्णतेचा काटा चढावर वर जातो. थेंब दिसतो त्या आठवड्यात पंप बदलला तर खर्च एका पंपाचा. तो न पाहता चालवीत राहिले तर एखाद्या दुपारी रस्त्यात इंजिनाचे हेड वाकते, आणि मग खर्च अर्ध्या इंजिनाचा. झिरपणाऱ्या पाण्याकडे दुर्लक्ष केल्याचे फळ आपल्या शहराला नवे नाही. सांक नदीवरचे तिघऱ्याचे धरण १९१७ साली फुटले ते पायाखालच्या वालुकाश्माच्या थरांत पाणी शिरून. पुढे ते पुन्हा बांधले गेले आणि आपण आजही त्याचे पाणी पितो.

त्या मुलाने रविवारी केले ते काम पायरीपायरीने पाहिले म्हणजे त्यात कमीपणाचे काय आहे हे ज्याचे त्याने ठरवावे. पहिली गोष्ट त्याने केली ती म्हणजे काहीही न करणे. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत तो थांबला. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते, त्यामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडले की दाब सुटतो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येते. शिट्टी होऊन गेलेला कुकर वाफ जिरल्याशिवाय उघडू नये, हे आपल्या घरातल्या बायकांना ठाऊक असते. पुरुषांना तेच गाडीपाशी आठवत नाही आणि म्हणून उन्हाळ्यात हात पोळून घेतलेले लोक दिसतात.

मग बॅटरीचे ऋण टोक सोडावयाचे. जुने पाणी खाली तसराळे ठेवून त्यात काढावयाचे. पुलीचे बोल्ट पट्टा ताणलेला आहे तोवरच थोडे सैल करून ठेवावयाचे, कारण पट्टा काढल्यावर पुली हाताबरोबर फिरत राहते. मग पट्टा, पंखा, पुली, नळ्या या क्रमाने उतरवावयाचे. पंपाचे बोल्ट दिसायला सारखे, पण लांबीला वेगवेगळे असतात. आखूड बोल्टाच्या जागी लांब बोल्ट बसवून जोर लावला तर आतला भाग फुटतो. यासाठी जुन्या मिस्त्रींची एक युक्ती आहे : पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढावयाचा आणि जो बोल्ट जेथून निघाला तेथेच पुठ्ठ्यात खोचून ठेवावयाचा. मुलाने लग्नाच्या पत्रिकांचे खोके फाडून तेच केले होते.

जुना पंप निघाल्यावर खरे काम सुरू होते, आणि ते दिसायला अगदीच क्षुल्लक असते. जेथे पंप इंजिनाला टेकतो तेथे जुन्या गॅस्केटचे तुकडे चिकटून बसलेले असतात. ते ओरखडा न पाडता, घाई न करता, पूर्ण खरवडून काढावे लागतात. तेथे नखाएवढा तुकडा राहिला तरी नवा पंप त्याच जागेतून गळतो. या कामाला तास लागला तर तास द्यावा. नंतर नवे गॅस्केट, नवा पंप, आणि बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळत जावयाचे. गाडीच्या पुस्तकात जेवढा जोर सांगितला असेल तेवढाच. ॲल्युमिनियमच्या आट्यांवर मर्दुमकी दाखविणाऱ्याचा बोल्ट तुटतो आणि मग दिवस जातो तो तुटका तुकडा काढण्यात.

शेवटी पाणी. येथे आपल्याकडे सर्रास एक चूक होते. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओततात. त्यातले क्षार आतल्या वाटांत चुन्यासारखे बसतात, आणि पंपाच्या सीलला तेच घासतात. शुद्ध केलेले पाणी आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट, बहुधा निम्मे निम्मे, हेच घालावे. कूलंट फक्त थंड प्रदेशासाठी असते ही समजूत बरोबर नाही. ते गंज अडविते आणि उकळण्याचा बिंदू वर नेते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या शहराला त्याची गरज कोणापेक्षा कमी नाही. भरताना आत हवा अडकते, म्हणून इंजिन मंद चालवून, केबिनचा हीटर उघडा ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहावी लागते. आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघावी लागते.

काढलेले जुने कूलंट नालीत ओतू नये. ते चवीला गोड असते. कुत्री आणि गाई ते चाटतात, आणि त्यातले ग्लायकॉल मूत्रपिंडे निकामी करून त्यांचा जीव घेते. शिवाय नाली शेवटी कोणत्या ना कोणत्या नदीला मिळते, आणि स्वर्णरेखेचे आपण काय करून ठेवले आहे ते रोज डोळ्यांसमोर आहे. डब्यात भरून, झाकण लावून ते अशा गॅरेजला द्यावे, जेथे टाकाऊ तेल-पाणी गोळा करून नेतात.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, यात संस्कृतीच्या पानावर लिहिण्यासारखे काय आहे? माझे म्हणणे असे की पुष्कळ आहे. ग्वाल्हेर घराण्याच्या गावात हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. गवई मैफलीला बसतो तेव्हा तंबोरा कोण लावतो? तो स्वतः, किंवा त्याच्या डोळ्यांसमोर त्याचा शिष्य. घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवून जवारी खुलेपर्यंत तो अर्धा अर्धा तास घालवितो, आणि सारी बैठक आदराने वाट पाहते. त्या वेळी कोणी म्हणत नाही की, बुवा, हे काम तंबोरे बनविणाऱ्या कारागिराचे आहे. १९१४ साली स्थापन झालेले शंकर गांधर्व महाविद्यालय असो की १९१८ चे माधव संगीत महाविद्यालय असो, तेथे शिकलेल्या प्रत्येकाने पहिल्याने तंबोरा लावायचाच धडा घेतला असेल. ज्याच्यावर आपला स्वर उभा आहे ते वाद्य आपल्याला लावता आले पाहिजे, हा तिथला नियम आहे. ज्याच्यावर आपली भाकरी उभी आहे त्या यंत्राला हा नियम का लागू नये? बेअरिंगची कुरकुर ऐकणे आणि बेसूर झालेला षड्ज ऐकणे यांत कानाचे काम एकच आहे.

दुसरे असे की यंत्राजवळ वशिला चालत नाही. आपल्या संस्थानी वृत्तीला लागलेली ओळखीपाळखीची सवय तेथे निरुपयोगी ठरते. बोल्ट अर्धवट आवळला असेल तर तो कोणाच्या घराण्यातला हात होता हे पाणी विचारीत नाही, ते गळते. तरुण मुलाला हा धडा लहान वयात, थोड्या खर्चात मिळाला तर पुढे कोणत्याही कचेरीत त्याला उपयोगी पडेल.

मराठी समाजाला हे पहिल्यांदाच कोणी सांगतो आहे असेही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकावयास गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी त्यांनी सोडली, आणि बेळगावात सायकली विकण्याचे आणि दुरुस्त करण्याचे दुकान चालविले. मास्तरकी सोडून दुकानात पाने फिरविणाऱ्या ब्राह्मणाविषयी त्या काळी काय बोलले गेले असेल याची कल्पना आपल्याला करता येईल, कारण थाटीपुरात परवा तेच बोलले गेले. त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणाले आणि पहिली गिऱ्हाइके मिळायला वर्षे गेली. १९१० साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज त्यांच्या नावाचे पंप देशभर विहिरींवर चालतात. एका संस्थानिकाने आसरा दिला आणि एका शिक्षकाने हात काळे केले. त्यातून एवढे झाले.

आपल्या चंबळेच्या बाजूच्या खेड्यांत तर याहून जवळचे उदाहरण आहे. शेतातल्या पंपाचे डिझेल इंजिन लाकडी गाड्यावर बसवून लोकांनी वाहन केले आणि त्याला 'जुगाड' नाव दिले. ते कायद्यात बसत नाही, आणि रस्त्यावर धोक्याचेच आहे. त्याचे समर्थन मी करीत नाही. पण ज्या माणसाने ते जोडले त्याला इंजिन म्हणजे काय हे ठाऊक आहे. आपल्या मुलांजवळ कायद्यातली गाडी आहे आणि ते ज्ञान नाही. दोन्ही एकत्र का असू नयेत?

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप सहृदय आहे : सगळेच असे करू लागले तर मिस्त्रीने खावे काय? मिस्त्रीची भाकरी कोणाच्या एका पंपाने जात नाही. ती जाते ती अडाणी गिऱ्हाइकामुळे, ज्याला चांगले काम आणि वाईट काम यांतला फरक कळत नाही आणि म्हणून जो फक्त स्वस्त काम शोधतो. ज्याने एकदा स्वतः गॅस्केट खरवडले आहे तो पुढच्या वेळी मिस्त्रीच्या मजुरीत घासाघीस करणार नाही. त्याला 'अरे'ऐवजी 'उस्ताद' म्हणेल, आणि मनापासून म्हणेल. ट्रान्सपोर्ट नगरातल्या त्या काळ्या हातांना आजवर आपण पैसे दिले, मान दिला नाही. मान द्यायला आधी काम कळावे लागते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : माझा दिवस महागाचा आहे, तो पंपात का घालवू? ज्याचा दिवस खरोखरच महागाचा आहे त्याने जरूर मिस्त्रीकडे जावे. पण लहान व्यावसायिकाची गाडी तीन दिवस उभी राहिली तर तीन दिवसांची कमाई जाते आणि दिलेला शब्द जातो. त्याच्यापुरता हा हिशेब अगदी उलटा आहे. शिवाय प्रत्येकाने पंप बदललाच पाहिजे असा आग्रह नाही. तो बदलता येतो, त्यात कमीपणा नाही, आणि थेंब कोठून गळतो हे पाहता आले पाहिजे, एवढाच आग्रह आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : आजच्या गाड्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. हे खरे आहे. पुष्कळ गाड्यांत पंप आतल्या टायमिंग पट्ट्यावर फिरतो. तेथे एक दात चुकला तर झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन मोडते. तेथे घरी हात घालू नये. गाडी उचलावी लागत असेल आणि खाली भक्कम घोड्या नसतील, तर नुसत्या जॅकवर विसंबून तिच्याखाली शिरू नये. गाडी कंपनीच्या हमीत असेल तर आधी कागद वाचावेत. आपल्या मर्यादा ओळखणे हाही कारागिरीचाच भाग आहे. मात्र 'उघडताच येऊ नये' अशा वस्तू कारखानदार अधिकाधिक बनवू लागले आहेत, ही तक्रार आता जगभर आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक विभागानेही २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, आणि तीत शेतीची अवजारे व घरगुती वस्तू यांबरोबर मोटारींचाही समावेश केला. सरकार हक्क देईल; पण पाना हातात धरण्याची लाज वाटणाऱ्या समाजाला त्या हक्काचा काय उपयोग?

आणि एक गोष्ट पुरुषमंडळींनी प्रामाणिकपणे कबूल करावी. 'आपल्या घरात हाताने दुरुस्ती कोणी करीत नाही' हे वाक्य कधीच खरे नव्हते. स्टोव्हच्या तोंडातला कचरा पिन घालून कोणी काढला? शिवणयंत्राची वादी, शटल आणि तेल कोणी पाहिले? कुकरची रबरी रिंग कोणी बदलली? घरातल्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या. त्याला आपण दुरुस्ती म्हटले नाही, कारण ते स्वयंपाकघरात होत होते. म्हणून हा विषय फक्त मुलांचा नाही. ज्या घरात मुलगी स्कूटरवर कॉलेजला जाते, त्या घरात तिला प्लग साफ करणे आणि हवेचा दाब पाहणे आले पाहिजे. अंधारात रस्त्यावर अडकून पडल्यावर घराण्याचे नाव स्कूटर चालू करीत नाही.

आपल्या शहरात यंत्रविद्या शिकविणाऱ्या संस्थांची उणीव नाही. १९५७ साली सुरू झालेले माधव इन्स्टिट्यूट गोल्याच्या मंदिराजवळ, म्हणजे थाटीपुराच्या उंबऱ्यावरच आहे. तेथून निघालेली आपली मुले पुण्याबंगळुरास जातात, उत्तम नोकऱ्या करतात, आणि सुट्टीत घरी आल्यावर गळका नळ बघून म्हणतात, प्लंबरला सांगा. दोष मुलांचा नाही. घरात पान्यांची पेटी कधी दिसलीच नाही तर हाताला सवय कोठून लागणार? ज्यांच्या गणेशोत्सवाला मंडप, शारदोत्सवाला व्याख्यान आणि कोजागिरीला दूध असते, त्या आपल्या मंडळांनी वर्षातून एक रविवार यासाठी ठेवावा. एखाद्या जाणत्या मिस्त्रीला सन्मानाने बोलवावे, त्याला श्रीफळ आणि योग्य मानधन द्यावे, एक जुनी गाडी अंगणात उभी करावी, आणि त्याच्या हाताखाली मुलामुलींनी पंप उतरवून पुन्हा चढवावा. व्याख्यात्यांना आपण जी खुर्ची देतो तीच त्याला द्यावी. खर्च थोडा, आणि त्या दिवशी वडीलधाऱ्यांनी नुसते शेजारी बसून पाहिले तरी अर्धे काम होईल.

दर वर्षी खंडेनवमीला आपण शस्त्रे पुसून पाटावर मांडतो. दसऱ्याला मांढऱ्याच्या मातेपाशी शमीपूजन होते, ते पाहायला जातो. मोटारीला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. हे सगळे असेच चालू राहावे. पण पूजेच्या पाटावर आजोबांच्या तलवारीशेजारी यंदा एक पान्यांची पेटीही ठेवावी, आणि हळदकुंकू वाहण्यापूर्वी बॉनेट उघडून पंपाखाली एक बोट फिरवून ते ओले लागते की कोरडे, एवढे घरातल्या लहान मुलाकडून पाहून घ्यावे.